आधी प्रश्न, मग अभ्यासक्रम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपण डॉक्टरांकडे गेलो की त्यांच्या भिंतीवरची प्रमाणपत्रं नकळत वाचतो. अमुक ठिकाणी प्रशिक्षण, तमुक परिषदेत सहभाग, हे वाचून जरा बरं वाटतं. आर्किटेक्टच्या, म्हणजे वास्तुविशारदाच्या कार्यालयात मात्र असं होत नाही. माझ्याकडे येणारी माणसं दोनच गोष्टी आधी विचारतात : स्क्वेअर फुटाला किती पडतील, आणि स्वयंपाकघर वास्तुशास्त्राप्रमाणे बसेल ना? "तुम्ही शेवटचं कधी आणि काय शिकलात?" हा प्रश्न मला अजून कोणी विचारलेला नाही. खरं तर तो विचारायला हवा. कारण मी शिकलो की नाही याचा परिणाम माझ्यावर होतो त्याहून जास्त त्या घरात पुढची पन्नास वर्षं राहणाऱ्या माणसांवर होतो.

मी चंद्रपुरात बसून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत काम करतो. आमचा पदवीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. त्या पाच वर्षांच्या शिदोरीवर सबंध आयुष्य काढता येईल असं पूर्वी वाटायचं. आता तसं राहिलेलं नाही. इमारतींची राष्ट्रीय संहिता २००५ साली बदलली, पुन्हा २०१६ साली बदलली. भूकंपासंबंधीचं मानक २००२ नंतर २०१६ साली सुधारलं गेलं. २०१७ साली महारेरा आलं आणि प्रकल्प किती पूर्ण झाला याचं प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी आर्किटेक्टवर आली. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. पूर्वी प्रत्येक गावाची वेगळी वही होती, ती एका रात्रीत जुनी झाली. तेव्हा शिकत राहावं की नाही, हा वादाचा विषयच नाही. वाद असलाच तर काय शिकावं, कुठं शिकावं आणि कशासाठी, हा आहे. त्याबद्दलच आज बोलणार आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. आपल्या देशात १९७२ चा आर्किटेक्ट्स कायदा आहे. त्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्या माणसालाच स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येतं. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की या कायद्यानं ती उपाधी सुरक्षित केली आहे, ते काम नव्हे. म्हणजे नकाशा काढण्याचं काम दुसराही करू शकतो. आमच्या जिल्ह्यांत तर हे रोजच दिसतं. बहुतेक घरं गवंडी आणि घरमालक मिळूनच बांधतात. फार तर ड्राफ्ट्समनकडून मंजुरीपुरता नकाशा करून घेतात. अशा ठिकाणी आर्किटेक्टनं फी मागायची तर ती नावापुढच्या उपाधीवर मागता येत नाही. दुसऱ्याला जे येत नाही ते आपल्याला यायला हवं, आणि त्याचा उपयोग घरमालकाला दिसायला हवा.

परदेशात याचा हिशेब तासांत ठेवतात. ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या सभासदानं वर्षाला ३५ तास शिकलंच पाहिजे. अमेरिकेतल्या संस्थेत वर्षाला १८ तास लागतात आणि त्यातले १२ लोकांचं आरोग्य, सुरक्षितता आणि हित यांच्याशी संबंधित विषयांचे असावे लागतात. आपल्या १९७२ च्या कायद्यात अशी तासांची अट घातलेली नाही. काहींना ही उणीव वाटते. मला मात्र तासांपेक्षा त्या अमेरिकन अटीतला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. शिकलेले बहुतेक तास लोकांच्या जिवाशी आणि आरोग्याशी जोडलेले असावेत, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. नुसते तास भरायचे तर ते कसेही भरता येतात.

आणि भरणारे भरतातही. आज अभ्यासक्रमांना तोटा नाही. हरित इमारतींचे अभ्यासक्रम आहेत, संगणकावर सबंध इमारत उभी करण्याचे आहेत, मालमत्तेच्या मूल्यांकनाचे आहेत, प्रकल्प व्यवस्थापनाचे आहेत, अंतर्गत सजावटीचे आहेत, आणि हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचेही आहेत. मोबाइलवर दर आठवड्याला दोन-तीन निमंत्रणं येऊन पडतात. एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा होती, मी गेलो होतो. जेवण उत्तम होतं, पिशवी चांगली मिळाली, प्रमाणपत्रही मिळालं. दोन दिवसांत एकूण एकच गोष्ट शिकवली गेली : एका विशिष्ट कंपनीची काच इमारतीच्या दर्शनी भागावर कशी बसवायची. जिथं मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर असतो, कधी ४८ वर जातो, त्या चंद्रपुरात पश्चिमेकडे काचेची भिंत उभी करणं म्हणजे माणसांना भट्टीत बसवणं. पण त्या कार्यशाळेत चंद्रपूर कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हतं.

अभ्यासक्रमाचा खरा खर्च फी हा नसतो, हेही सांगायला हवं. माझ्यासारख्या लहान कार्यालयात एक आर्किटेक्ट आणि दोन-तीन सहायक असतात. मी आठ दिवस बाहेर गेलो की साइटवरचे निर्णय आठ दिवस थांबतात. स्लॅब अडून राहतो, गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो. म्हणून मोठ्या शहरातल्या आर्किटेक्टपेक्षा आम्हाला निवड जास्त काळजीपूर्वक करावी लागते. आम्हाला वर्षाला एखादाच चांगला अभ्यासक्रम परवडतो. तो कोणता?

या प्रश्नाचं उत्तर मला वास्तुकलेच्या कुठल्याही महाविद्यालयात मिळालं नाही. ते गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा या गोंड आदिवासी गावात मिळालं. वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. देवाजी तोफा यांचं नावही ऐकलं असेल. पण त्यामागची एक गोष्ट तितकीशी बोलली जात नाही. या गावात अभ्यासगट चालत आले आहेत. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीनं गावातली माणसं एखादा विषय घेऊन बसत, जाणकाराला बोलावत, शंका विचारत, आणि मग निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होई. जंगलाचा कायदा काय आहे, बांबू किती तोडला तर पुन्हा येतो, हे प्रश्न गावाचे होते. उत्तरासाठी माणूस नंतर शोधला गेला.

आमच्या व्यवसायात नेमकं उलटं चालतं. आधी अभ्यासक्रमाची जाहिरात येते, मग आपण विचार करतो की याचा उपयोग कुठं होईल. मेंढ्याचा क्रम धरला तर निवड बरीच सोपी होते. मी कार्यालयात एक साधी वही ठेवली आहे. साइटवर जे अडलं, ज्याचं उत्तर मला, माझ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला किंवा मिस्त्रीला देता आलं नाही, ते त्यात लिहायचं. पावसाळ्याच्या तोंडाशी वही उघडायची. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला असेल तो त्या वर्षाचा विषय. अभ्यासक्रम त्यानंतर शोधायचा. त्या वहीतले काही प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवतो, कारण ते तुमच्याही घराचे आहेत.

पहिला प्रश्न अर्थातच उन्हाचा. आमच्याकडे स्लॅबखाली रात्री अकरा वाजताही छत हाताला गरम लागतं. आजोबांच्या मातीच्या, कवेलूच्या घरात एवढं तापत नव्हतं, हे प्रत्येक जण सांगतो. पण का तापत नव्हतं आणि आजच्या घरात त्यासाठी काय करायचं, हे सांगायला आकडे लागतात. २०१८ साली केंद्र सरकारनं निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांमधून घरात किती उष्णता शिरते, हे त्यात मोजायला शिकवलं आहे. थंड प्रदेश सोडून इतरत्र ही उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या आत असावी, अशी मर्यादा आहे. छताचीही मर्यादा आहे : आतबाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. आपल्या नेहमीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहूनही अधिक भरतो. म्हणजे रात्री छत गरम का लागतं, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

ही संहिता मुळात ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी प्रकल्पांसाठी आहे. त्यामुळं आमची बहुतेक घरं तिच्या बाहेर राहतात. पण ऊन काही सातबारा पाहून तापत नाही. हा हिशेब लहान घरालाही लावता येतो. म्हणून असा अभ्यासक्रम निवडताना मी एकच पाहतो : तो एखाद्या मानांकनाचे गुण मिळवायला शिकवतो, की घर थंड करायला? दोन्हींत फरक आहे. आणखी एक. विदर्भातलं घर म्हणजे कूलरचं घर. कूलर खिडकीत बसवला आणि त्या हवेला बाहेर जायला समोर वाटच ठेवली नाही, तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. कूलरची खिडकी कुठं, पाणी कुठून भरायचं, हवा कुठून निघायची, हे नकाशातच ठरवावं लागतं. मोठ्या शहरांतल्या अभ्यासक्रमांत वातानुकूलनावर चार व्याख्यानं असतात आणि कूलरवर एकही नसतं. शिकवणाऱ्याला मी आधीच विचारून घेतो : "आमच्याकडच्या कूलरचं काय?" त्याच्या उत्तरावरून निम्मा निर्णय होतो.

दुसरा प्रश्न बांबूचा. दोन्ही जिल्हे बांबूचे. मानवेल आणि कटांग इथं सगळ्यांना ठाऊक. बुरूड कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्या बांबूवर जगल्या. कुडाच्या भिंती, म्हणजे बांबूच्या तट्ट्यावर मातीचा लेप, आजही आतल्या गावांत दिसतात. पण गावातल्या शाळेचा व्हरांडा किंवा एखादं सभागृह बांबूत करायचं म्हटलं की लोक विचारतात, "साहेब, घुण लागला तर?" प्रश्न रास्त आहे. बांबूत पिष्टमय पदार्थ असतात, त्यावर किडे येतात. म्हणून तो तीन वर्षांचा तरी पक्व असावा, पावसाळा संपल्यावर तोडावा, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवावा, जमिनीपासून उंच जोत्यावर उभा करावा आणि छपराच्या वळचणीनं पावसापासून झाकावा. यातलं प्रत्येक पाऊल हातानं करून शिकण्याचं आहे. बांबूच्या संरचनेसाठी भारतीय मानकही २०१२ सालापासून आहे. म्हणजे आता अंदाजावर काम करायचं कारण नाही.

हे शिकायला फार लांबही जावं लागत नाही. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मेळघाटात लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, आणि कोकणात कुडाळला कोनबॅक ही संस्था आहे. पण चिचपल्लीचं नाव घेताना एक गोष्ट विसरता येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं आग लागली आणि बांबूत उभारलेल्या मोठ्या वास्तूचं फार नुकसान झालं. ती वास्तू पाहून अनेकांना बांबूचा अभिमान वाटला होता. मला ही घटना बांबूच्या विरोधातली वाटत नाही. लाकूडही जळतं, आणि आमचं सागवान तर बल्लारपूरच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं. पण बांबूचा अभ्यासक्रम निवडताना त्यात आगीवर किती तास आहेत, हे मी आता पहिल्यांदा बघतो. विजेच्या तारा कशा न्यायच्या, मोठं छप्पर तुकड्यांत कसं विभागायचं, मातीचा किंवा सिमेंटचा लेप कुठं द्यायचा, हे जिथं शिकवत नाहीत तिथं फक्त सुंदर फोटो मिळतात. जुन्या कुडाच्या भिंतीत बांबू मातीनं दोन्ही बाजूंनी झाकलेला असे, हे आपल्या आजीला ठाऊक होतं.

यातून मला एक कसोटी सापडली. जो अभ्यासक्रम पडलेल्या, जळलेल्या, गळलेल्या इमारती दाखवतो तो घ्यावा. जो फक्त उभ्या असलेल्या, रंगवलेल्या इमारती दाखवतो, त्याला नमस्कार करावा.

तिसरा प्रश्न मातीचा. मातीच्या बांधकामाची सध्या पुन्हा चर्चा आहे. ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये दाबून केलेल्या मातीच्या विटांचे, कमानींचे आणि घुमटांचे अभ्यासक्रम चालतात. केरळात लॉरी बेकर यांच्या परंपरेतली माणसं शिकवतात. गुजरातेत २००१ च्या भूकंपानंतर भूजला उभी राहिलेली हुन्नरशाला आहे. तिन्ही ठिकाणं नावाजलेली. पण तिथलं ज्ञान जसंच्या तसं इथं आणता येत नाही. वरोरा-राजुऱ्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. विटेलाही ती कामाची नाही, पायालाही ती त्रास देते. मूल, सिंदेवाही ओलांडून गडचिरोलीकडे गेलं की माती बदलते, तांबूस-पिवळसर, रेताड होते. तेव्हा मातीच्या अभ्यासक्रमाला जाताना मी माझीच माती पिशवीत घालून न्यायची असं ठरवलं आहे. "ही माती तपासून दाखवा," असं म्हटल्यावर जो शिक्षक बाह्या सरसावतो, तो खरा.

मातीला जोडून भूकंपाचा विषय येतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला काय झालं ते महाराष्ट्र विसरणार नाही. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड धाबं, यांच्याखाली झोपेत माणसं गाडली गेली. आमचा भाग भूकंपाचा नाही, अशी इथं समजूत होती. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगू भागात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली, चंद्रपुरात भांडी हलली. सुदैवानं मोठी हानी झाली नाही. पण त्या दिवशी अनेकांनी फोन करून विचारलं, "आमचं घर बरोबर आहे ना?" जोत्याला, लिंटलला आणि छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे का घालायचे, कोपऱ्यात खिडकी का नको, हे मातीच्या आणि विटेच्या घरासाठी भारतीय मानकांत लिहून ठेवलेलं आहे. त्याची उजळणी करायला मी आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम वापरतो. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात, घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात, आणि प्रमाणपत्र हवंच असेल तर थोडं शुल्क भरून केंद्रावर परीक्षा देता येते. हिशेबाचा विषय असेल तर हा मार्ग उत्तम. पण बोरॅक्सची टाकी किंवा चुन्याची घाणी पडद्यावर शिकता येत नाही. जे डोक्यानं समजतं ते घरी बसून शिकावं आणि जे हाताला समजतं त्यासाठीच प्रवासाचा खर्च करावा, असा माझा साधा नियम आहे.

चौथा प्रश्न जुन्या भिंतींचा. चंद्रपूर ही गोंडराजांची राजधानी. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या दरवाजांतून आपण रोज जातो. २०१७ साली इको-प्रोच्या तरुणांनी परकोटाची सफाई हाती घेतली, तेव्हा झुडपांआडचे बुरूज नव्यानं दिसू लागले. परकोटालगत राहणाऱ्यांसाठी मात्र हा रोजच्या अडचणीचा विषय आहे. २०१० च्या दुरुस्त कायद्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच बांधता येतं. दुरुस्तीलाही परवानगी लागते. मग पडकी भिंत तशीच राहते, नाही तर कोणी रात्रीतून सिमेंटचा गिलावा मारून टाकतो. जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा निघतो. इथं दोन गोष्टी शिकाव्या लागतात : परवानगीचा अर्ज कसा करायचा आणि चुना कसा मळायचा. वारसा-जतनाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम इन्टॅकसारख्या संस्था घेतात. असे अभ्यासक्रम महालांचे आणि मंदिरांचे असतात, अशी समजूत आहे. आमच्याकडे त्यांची गरज दोन खोल्यांच्या घरांना आहे.

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचा अभ्यासक्रम कुठंच नाही. इमारत कोणासाठी आहे, हे त्यांना विचारायचं कसं? अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. शोधग्राममध्ये आदिवासींसाठी दवाखाना करायचा होता, तेव्हा त्यांनी लोकांनाच विचारलं की दवाखाना कसा हवा. मोठ्या, अनोळखी इमारतीची लोकांना भीती वाटते, नातेवाईक जवळ हवे असतात, हे त्यातून कळलं. म्हणून तिथं एका मोठ्या इमारतीऐवजी गावासारखा, झोपड्यांच्या रचनेचा दवाखाना झाला. नावही लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. गडचिरोलीत काम करणाऱ्या आर्किटेक्टनं तिथं एक दिवस नुसतं बसून पाहावं. रोगी कुठं थांबतो, सोबतची बाई चूल कुठं मांडते, लेकरू कुठं खेळतं, हे टिपून घ्यावं. त्या दिवसाचं प्रमाणपत्र मिळणार नाही, पण नंतरचं प्रत्येक आरोग्यकेंद्र, प्रत्येक आश्रमशाळा वेगळी दिसू लागेल. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं. तेवढ्या जागेत ओसरी राहते की जाते, हा माडिया किंवा गोंड कुटुंबासाठी मोठा प्रश्न आहे. त्याचं उत्तर संगणक देत नाही.

आता तरुण आर्किटेक्टांसाठी थोडं व्यवहाराचं. अभ्यासक्रम पावसाळ्यात घ्या. मार्चअखेरीला बिलांची धावपळ असते, एप्रिल-मे हा आमचा बांधकामाचा हंगाम, आणि शहरातले बरेच अभ्यासक्रम नेमके मेमध्ये ठेवलेले असतात. तेव्हा साइट सोडू नका. नागपूर दीडशे किलोमीटरवर आहे. तिथं आर्किटेक्टांच्या संघटनेचे कार्यक्रम होतात, त्यांतले नियमावलीवरचे चुकवू नका, कारण तिथं इतरांच्या फायली कुठं अडल्या तेही कळतं. पुण्याला काउन्सिलचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्याचं वेळापत्रक पाहत जा. नवं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर स्वतः शिकण्याआधी कार्यालयातल्या सहायकाला पाठवा. ते रोज वापरणार तो आहे. आणि फी भरण्याआधी त्याच अभ्यासक्रमाला गेल्या वर्षी गेलेल्या दोघांना फोन करा. "आवडला का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "परत आल्यावर त्यातलं काय वापरलं?" असं विचारा.

शक्य असेल तेव्हा मिस्त्रीला सोबत न्या. हे मी आग्रहानं सांगतो. आर्किटेक्ट एकटा शिकून येतो आणि साइटवर जाऊन सांगतो, "असं करा." मिस्त्री मान हलवतो आणि नेहमीसारखंच करतो. त्याचा दोष नाही. त्यानं ते होताना पाहिलेलंच नसतं. पण दोघं मिळून चार दिवस बांबू भिजवून, जोड बांधून आले, की परतीच्या गाडीतच पुढचं काम ठरतं. त्याच्या हाताखालची दोन पोरं ते शिकतात. ती पोरं पुढं जिथं आर्किटेक्ट कधी पोचणार नाही अशा भामरागड-एटापल्लीच्या गावांत घरं बांधतात. आर्किटेक्टविना बांधल्या जाणाऱ्या घरांपर्यंत आमचं शिक्षण पोचायचं तर वाट ही एवढीच आहे. मिस्त्रीच्या चार दिवसांची मजुरी मात्र आपण द्यायची. तो अभ्यासक्रमाचाच खर्च समजावा.

शेवटी तुमच्यासाठी. घर बांधायला काढाल तेव्हा आपल्या आर्किटेक्टला, इंजिनिअरला किंवा मिस्त्रीला दरासोबत आणखी दोन गोष्टी विचारा. गेल्या वर्षभरात नवीन काय शिकलात, आणि त्याचा माझ्या घराला काय उपयोग? तो रागावला तर रागावू द्या. छत कमी तापावं म्हणून काय करणार, कूलरची हवा कुठून निघणार, निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठं माझा प्लॉट येतो, हे त्यानं सांगितलंच पाहिजे. इरई-झरपटच्या काठच्या वस्त्यांनी २०१३ आणि २०२२ चे पावसाळे पाहिलेले आहेत. त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तुम्ही विचारू लागलात की आम्हाला शिकावंच लागेल. मग कोणत्याही कायद्यानं तास मोजले नाहीत तरी चालेल.

माझ्या वहीत या वर्षी सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, जुन्या स्लॅबवर कमी खर्चात काय टाकलं म्हणजे खालची खोली राहण्याजोगी होईल. यंदाच्या पावसाळ्यात त्याच्यामागे जायचं आहे. तुमच्यापैकी कोणी घरी काही करून पाहिलं असेल, चुना, जुने कवेलू, मडकी, काहीही, आणि गुण आला असेल किंवा आला नसेल, तर भेटीत जरूर सांगा. शिकण्याची सुरुवात तिथूनही होते.